वसाहतकाळातला आफ्रिकी प्रेक्षक आणि विनोदी रीळ : गोव्यात एक संध्याकाळ कशी भरवावी

चित्रपट मंडळ, महाविद्यालयाचा वर्ग, गावचं वाचनालय, देवळाचा सभामंडप, कुठेही चालेल. माणसं चाळीस ते साठ, वेळ अडीच तास, एक प्रोजेक्टर, एक माईक आणि एक बोलका भाष्यकार एवढी सामग्री पुरते. व्याख्यान ठेवलं तर लोक जांभया देतील. इथे त्यांनी आधी स्वतः हसायचं आणि मग आपलं हसणं दुसऱ्याने कसं लिहून काढलं ते ऐकायचं. वसाहतकाळातल्या आफ्रिकी प्रेक्षकांबद्दल आपल्या हाती जे आहे ते बहुतेक असंच, दुसऱ्याने लिहून काढलेलं आहे. अधिकारी, मिशनरी आणि सेन्सॉर मंडळाचे सदस्य यांनी.

पार्श्वभूमी, पंधरा मिनिटांत

एक मोठा तक्ता करा आणि त्यावर मोजकेच टप्पे लिहा. ब्रिटिश वसाहतींतल्या सरकारी सिनेमाची मुळं आरोग्यखात्यात आहेत. विल्यम सेलर्स हा नायजेरियातला आरोग्य अधिकारी. लागोसमधल्या प्लेगविरोधी मोहिमेत त्याने फिल्म वापरली. १९३५ ते १९३७ या काळात टांगानिकात (आताच्या टांझानियात) 'बांटू एज्युकेशनल किनेमा एक्स्परिमेंट' चालला. कार्नेगी कॉर्पोरेशनचा पैसा, ३५ लघुपट, १६ मिलिमीटरची फिल्म आणि आवाज वेगळ्या तबकड्यांवर. त्यांतले आज तीनच शिल्लक आहेत. १९३९ साली लंडनमध्ये वसाहतींसाठी फिल्म काढणारं सरकारी कलोनियल फिल्म युनिट निघालं आणि सेलर्स त्याचा प्रमुख झाला. ते १९५५ पर्यंत चाललं. दोन्ही ऱ्होडेशिया (उत्तर म्हणजे आताचा झांबिया, दक्षिण म्हणजे झिंबाब्वे) आणि न्यासालँड (मलावी) यांसाठी १९४८ साली सेंट्रल आफ्रिकन फिल्म युनिट आलं, पुढच्या वर्षी गोल्ड कोस्टचं, म्हणजे आताच्या घानाचं, युनिट. फ्रेंच वसाहतींत १९३४ च्या लाव्हाल फर्मानामुळे परवानगीशिवाय कॅमेरा लावता येत नव्हता. बेल्जियन काँगोत हे काम मोठ्या प्रमाणावर कॅथलिक पाद्र्यांच्या हाती होतं.

तक्ता लावला की सेलर्सचे नियम सांगा, कारण पुढचा सगळा खेळ त्यांवर आहे. आफ्रिकी गावकऱ्याला सिनेमाची भाषा कळत नाही, हे त्याचं गृहीतक. म्हणून दृश्य लांब ठेवायचं, कॅमेरा हलवायचा नाही, एका ठिकाणाहून दुसरीकडे उडी मारायची नाही, ट्रिक फोटोग्राफी वर्ज्य, एका वेळी एकच गोष्ट दाखवायची. गंमत अशी, की त्याच काळात त्याच खंडातले शहरी आणि खाणीतले प्रेक्षक भरधाव काऊबॉयपट आणि चॅप्लिन अडखळल्याशिवाय पाहत होते. हॉर्टेन्स पावडरमेकर या मानववंशशास्त्रज्ञ बाई १९५३-५४ मध्ये उत्तर ऱ्होडेशियातल्या लुआंश्या या तांब्याच्या खाणीच्या गावी राहिल्या. उघड्यावरच्या साप्ताहिक खेळाला इतका गलका असे की संवाद ऐकूच येत नसत, पण कुणाचं काही अडत नसे. नायकाचं नाव काहीही असो, सगळे त्याला 'जॅक' म्हणत.

ज्याने दशावतारात संकासुराला प्रेक्षकांतून उत्तरं देणारे म्हातारे पाहिले आहेत, त्याला हा गलका समजावून सांगावा लागणार नाही. सरकारी अहवालात मात्र तो 'गोंधळ' म्हणून जातो.

डासाची गोष्ट सांगा, पण तारीख विचारा

या विषयावर बोलणारा प्रत्येकजण एक किस्सा सांगतो. मलेरियाची फिल्म दाखवली, पडद्यावर डास हत्तीएवढा दिसला, गावकरी म्हणाले, 'आमच्याकडे एवढे मोठे डास नाहीत, आम्हाला भीती नाही.' हॉल हमखास हसतो. हसू द्या. मग विचारा : कुठलं गाव, कोणतं साल, सांगणाऱ्याने स्वतः ऐकलं की दुसऱ्याकडून? हा किस्सा अनेक दशकं, अनेक वसाहतींत, कधी डास, कधी माशी असा फिरत राहिला. कोंबडीचा किस्साही याच जातीचा. स्वच्छतेची फिल्म दाखवल्यावर काय पाहिलं असं विचारलं, तर लोक म्हणे 'कोंबडी' म्हणाले. ती एका कोपऱ्यात क्षणभरच दिसली होती. लंडन विद्यापीठाच्या जॉन विल्सन यांनी सांगितलेला हा किस्सा माध्यमांचा अभ्यासक मार्शल मॅक्लुहानने १९६२ च्या पुस्तकात घेतला आणि तो जगभर गेला. यातून प्रेक्षक अडाणी ठरवायचा, की कंटाळवाण्या फिल्ममध्ये हलणारी एकुलती एक जिवंत गोष्ट त्याने बरोबर टिपली असं म्हणायचं? हा प्रश्न हॉलवर सोडा आणि पुढे चला. इथेच वाद रंगू दिलात तर फिल्म राहून जाते.

कोणत्या फिल्म, कोणत्या क्रमाने

फिरत्या सिनेमा-व्हॅनच्या कार्यक्रमात बातमीपट, एकदोन उपदेशाचे लघुपट आणि लोकांना धरून ठेवायला एखादी करमणुकीची रीळ असे. तोच साचा ठेवा.

पहिली, 'मिस्टर इंग्लिश ॲट होम' (१९४०). कलोनियल फिल्म युनिटचा हा मूकपट, एका इंग्रज कुटुंबाचा दिवस. विनोदी नाही. पाच-सात मिनिटंच दाखवा. सेलर्सचे नियम डोळ्यांना दिसतात आणि लोक चुळबुळ करू लागतात. ती चुळबुळ आपल्याला हवीच आहे.

दुसरी, चॅप्लिनचा 'ईझी स्ट्रीट' (१९१७). चॅप्लिनच निवडायचा, कारण खाणींच्या कंपाउंडपासून (कामगारांच्या कुंपणबंद वस्तीपासून) गावातल्या व्हॅनपर्यंत तो सगळीकडे पोचला होता. आणि त्यातही हा चित्रपट निवडायचा, कारण यात मिशन आहे आणि पोलीसही. चार्ली मिशनमध्ये येतो, दानाची पेटी ढापलेली असते ती परत करतो, पोलिसात भरती होतो आणि ज्या गल्लीतून पोलीस स्ट्रेचरवर परत येतात तिथेच त्याची नेमणूक होते. शिपायाला बडवणारा गुंड पाहून लोक खदखदून हसत असतील, तर सेन्सॉर मंडळावरच्या गोऱ्या माणसाच्या कपाळाला आठी का पडावी हे सांगायला लागत नाही. उत्तर ऱ्होडेशियासारख्या वसाहतींत आफ्रिकी प्रेक्षकांसाठी वेगळी चाळणी होती. गोऱ्यांना चालणारा चित्रपट आफ्रिकनांना चालेलच असं नव्हतं. लहान मुलं येणार असतील तर एक सूचना : शेवटाकडे चार्ली नशेच्या सुईवर बसतो असा प्रसंग आहे. आधी पाहून ठरवा.

तिसरी, मिळाली तर, गोल्ड कोस्टची 'मिस्टर मेन्सा बिल्ड्स अ हाऊस' (१९५५). सरकारी घरकर्ज योजनेचा प्रचार, पण विनोदी कथेच्या अंगाने आणि आफ्रिकी नटांनी केलेला. चॅप्लिननंतर ही लावली की लोक वेगळ्या जागी हसतात, हे नोंदवण्यासारखं आहे. काँगोतल्या फादर आल्बेर व्हान हाल्स्ट यांनी १९५० च्या दशकात काढलेल्या मातामाता आणि पिलीपिली या जाड्या-रड्या जोडीच्या फिल्म खरं तर यापेक्षा मजेदार. पण त्या पाहायला मिळण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्यांच्यावरचा १९९६ चा माहितीपट, आणि त्याला परवानगी लागते.

शोध कुठे घ्यायचा? 'कलोनियल फिल्म' या ब्रिटिश सूचीत सहा हजारांहून जास्त फिल्मची माहिती आहे आणि दीडशेहून जास्त तिथेच पाहता येतात. नोंदीखाली टिपण असेल तर ते वाचा, त्यात कुठे, कुणासाठी दाखवली हेही बरेचदा असतं. नेटवरून थेट दाखवण्याच्या भरवशावर राहू नका. गावात संध्याकाळी सात वाजता नेट रांगायला लागतं, नेमकं चार्ली दिव्याच्या खांबापाशी आलेला असताना. फिल्म जिथे थेटच पाहावी लागते तिथे दुपारी त्याच जागी, त्याच नेटवर पूर्ण चालवून बघा.

हक्क आणि परवानगी

भारतीय कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९५५ ची फिल्म २०१५ अखेर मोकळी झाली, १९१७ ची तर कधीचीच. फसगत होते ती नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतींत : त्यांच्यावर चढवलेलं संगीत नवं असतं आणि त्याचे हक्क वेगळे असतात. आवाज बंद ठेवा, प्रश्न मिटतो, आणि आपल्याला भाष्यकार हवाच आहे. शिक्षणसंस्थेत प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालक असतील तर कायदा मोकळीक देतो. जाहीर प्रदर्शनाला मात्र सेन्सॉर प्रमाणपत्राचा मुद्दा येतो, म्हणून तिकीट आणि फलकबाजी टाळा; मोठा जाहीर कार्यक्रमच करायचा असेल तर सवलतीचा अर्ज काही महिने आधी घाला.

जागा, पडदा, वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. इफ्फीचे दिवस सोडून. तेव्हा पणजीतले हॉल आणि सिनेमावेडी माणसं दोन्ही अडकलेली असतात. गावची जत्रा आणि जवळपासचं नाटक कधी आहे ते विचारूनच तारीख धरा. उघड्यावर करायचं तर सूर्यास्ताचा हिशेब घ्या : डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या. त्यानंतर पंचवीस मिनिटं तरी पडद्यावर काही दिसत नाही. रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, म्हणजे मे महिन्यात हाती जेमतेम अडीच तास उरतात. जानेवारीत दव पडतं. पडदा ओलावतो आणि प्रोजेक्टरच्या काचेवर वाफ धरते. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली करू नका असं आम्ही म्हणणार नाही, मूकपटाला पाऊस आडवा येत नाही. भाष्यकाराचा मात्र घसा बसतो.

तीन मीटर रुंदीच्या पडद्याला पूर्ण अंधारात ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो. जुन्या फिल्मची चौकट चारास तीनची असते. ऑपरेटर सवयीने चित्र ताणून पडदा भरतो आणि चार्ली गुटगुटीत दिसू लागतो. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले पाहिजेत, हे त्याला आधी सांगा.

वेगाचं जरा सावकाश समजून घ्या. मूकपट सेकंदाला १६ ते २० चौकटींनी टिपले जात आणि बरेचदा त्याहून थोड्या जास्त वेगाने दाखवले जात. भरलेली दोन रिळं २४ च्या वेगाने साधारण २२ मिनिटांत संपतात, १८ ने अर्धा तास घेतात. नेटवरच्या कित्येक प्रती नुसत्या धावतात. चार्लीकडे पाहून वेग ठरवू नका, त्याची धावपळ मुद्दाम केलेली आहे. मागून चालत जाणाऱ्या साध्या माणसाकडे पाहा. तो माणसासारखा चालला की वेग बरोबर. संगणकावरच्या प्लेअरमध्ये ०.८ किंवा ०.८५ पट करून बघा. फार हळू केलंत तर विनोद मरतो.

दोन दारं उघडी ठेवा आणि त्यांसमोर खुर्च्या लावू देऊ नका. १९५१ साली नायजेरियातल्या कानो शहरात एल दुनिया थिएटरला प्रोजेक्शनच्या खोलीतून आग लागली आणि ३३१ माणसं गेली, त्यांत पोरंच खूप होती. आपल्याकडे आता ज्वालाग्राही फिल्म नसते, पण मंडपाच्या कापडाखालची वायर तशीच असते.

भाष्यकार

संध्याकाळ तरते किंवा बुडते ती इथे. फिरत्या व्हॅनबरोबर माईक घेतलेला एक स्थानिक माणूस असे. लंडनहून आलेल्या मजकुरावरून तो गावच्या भाषेत बोले. हसायचं कुठे, घाबरायचं कुठे, बोध कुठला, हे सगळं त्याच्या जिभेवर. वर बसलेल्या अधिकाऱ्याला ती भाषा येत असेलच असं नाही. या फटीतून काय काय निसटलं असेल त्याचा अंदाज आपल्याला प्रत्यक्ष करून पाहता येतो.

भाष्यकार नाटकातला किंवा कीर्तनाचा कान असलेला निवडा. प्राध्यापक शक्यतो नको. मराठीत बोलावं, मध्येच कोंकणी आली तर येऊ द्यावी. त्याने फिल्म निदान चार वेळा पाहिलेली असावी. मग 'ईझी स्ट्रीट'मधला दिव्याच्या खांबाचा तुकडा घ्या, साधारण तीन मिनिटांचा, आणि तीनदा दाखवा.

पहिल्यांदा काही न बोलता. दुसऱ्यांदा सरकारी थाटात : 'पाहा, दांडगाईचा शेवट असा होतो. कायद्याचा आदर करा.' तिसऱ्यांदा भाष्यकाराला मोकळं सोडा, गुंडाची बाजू घे म्हणावं, शिपायाची टर उडव म्हणावं.

या तुकड्यात एक जागा सांभाळायची आहे. गुंड आपली ताकद दाखवायला खांब वाकवतो, दिवा त्याच्या डोक्याच्या उंचीवर येतो, चार्ली हळूच दिव्याची पेटी त्याच्या डोक्यावर अडकवतो आणि गॅस सोडतो. खांब वाकायला लागल्यापासून गुंड कोसळेपर्यंत भाष्यकाराने तोंड मिटून ठेवायचं, सरकारी फेरीतसुद्धा. नवखा भाष्यकार नेमका इथे बोलतो. हशा फुटायच्या आधीच 'आता बघा हं' म्हटलं की हशा निम्मा होतो. कोसळल्यावर दोन श्वास थांबून बोललेलं वाक्य मात्र हशाला पुन्हा उकळी आणतं. तालमीला घड्याळ लावा आणि 'गप्प' असं मजकुरात ठळक लिहून ठेवा.

तीनही फेऱ्यांत एकच चित्र, तरी हसण्याच्या जागा हलतात. सरकारी फेरीत लोक बहुधा भाष्यावर हसतात, चित्रावर नव्हे. अधिकाऱ्याच्या वहीत हेच 'चुकीच्या जागी हसले' म्हणून उतरत असेल.

हशाची नोंद

चार नोंदणारे चार कोपऱ्यांत बसवा. प्रत्येकाकडे कागद, त्यावर तीन रकाने : वेळ, पडद्यावर काय, प्रेक्षकांत काय. तिसऱ्या रकान्यात पाचच शब्द चालतील : हशा, शेरा, टाळी, कुजबुज, शांत. शीर्षकाची पाटी आली की सगळ्यांनी एकदम घड्याळ सुरू करायचं, नाहीतर नंतर नोंदी जुळत नाहीत. एक फोन प्रेक्षकांच्या दिशेने ठेवून फक्त आवाज टिपा, आणि टिपतोय हे सुरुवातीला जाहीर सांगा. सांगितल्यावर पहिली पाच मिनिटं लोक अवघडून हसतात. म्हणून 'मिस्टर इंग्लिश' आधी.

मग मध्यंतरात चहा देता देता खरी कसोटी लावा. डाव्या बाजूच्या लोकांनी उजव्या बाजूच्यांवर पाच ओळींचा अहवाल लिहायचा, वसाहतीच्या अधिकाऱ्याच्या भाषेत; उजव्यांनी डाव्यांवर. 'स्थानिक लोक भावनाप्रधान असून पडलेल्या माणसाला पाहून आनंदित होतात' असली वाक्यं आपोआप येतात. अहवाल मोठ्याने वाचा, लगेच नोंदणाऱ्याचा कागद वाचा. दोन्हींमधलं अंतर हॉलला स्वतःच्या कानांनी ऐकू येतं.

यानंतर रे फिलिप्सचा दाखला काढा, आधी नको. हा अमेरिकन मिशनरी जोहान्सबर्गभोवतीच्या सोन्याच्या खाणींच्या कंपाउंडांत सिनेमा दाखवत असे. १९२२ च्या गोऱ्या खाणकामगारांच्या संपात दंगल पेटण्याची भीती असताना एका कंपाउंडात आपण सिनेमा लावला आणि चिडलेले कामगार हसण्यात सगळं विसरले, असं त्याने पुढे लिहिलं. विचारायचे प्रश्न तीन : हे लिहिलं कुणी, कुणासाठी, आणि कामगार त्या रात्री का हसत होते हे त्यांना कुणी विचारलं का? कंपाउंडातला माणूस हसून निवळला असेल, किंवा गोऱ्या शिपायाची फजिती पाहून त्याला बरं वाटलं असेल. फिलिप्सच्या मजकुरावरून यातलं काही ठरत नाही. त्या खाणींत मोझांबिकहून आलेले कामगार फार मोठ्या संख्येने होते, हेही सांगा. इथून गोव्याचा धागा सुरू होतो.

गोव्याची बाजू

एकाच पोर्तुगीज साम्राज्यात मोझांबिकच्या आफ्रिकी माणसावर १९२६ पासून 'इंडिजेनातो'चा, म्हणजे 'मूळनिवासी' ठरवून नागरिकत्वाबाहेर ठेवण्याचा, कायदा होता आणि तो १९६१ पर्यंत राहिला. गोव्याच्या माणसावर तो कधीच नव्हता. म्हणून मोझांबिकमधल्या लोरेन्सो मार्किश (आताचं मापुतो) किंवा बैरा शहराला गेलेला गोवेकर कारकून कोणत्या रांगेत बसे आणि आफ्रिकी प्रेक्षक कुठे, हा प्रश्न इथेच विचारायचा. नैरोबी, कंपाला, दार-एस-सलाम, झांझिबारहून परतलेली वडीलधारी माणसं अजून गावोगाव आहेत. त्यांच्याकडे आधी घरी जा. फोनवर आवाज टिपायची परवानगी घ्या, पाऊण तासापेक्षा जास्त बसवू नका. 'तेव्हाचा सिनेमा कसा होता?' असं विचारलंत तर 'फार छान' एवढंच मिळेल. विचारा : तिकीट कितीचं, दार कोणतं, शेजारी कोण बसे, हिंदी चित्रपटाला आफ्रिकी लोक येत का, कोणत्या नटाला हसत, कुणी मोठ्याने बोललं तर काय होई. त्यांनी नको म्हटलं ते नाव कार्यक्रमात घ्यायचं नाही. मंचावर पाच मिनिटं बोलायला आले तर उत्तम. माईक मात्र तुमच्या हातात ठेवा, आठवणींना घड्याळ नसतं.

हमखास बिघडतं ते

हॉलमधून 'खापरी' असा शब्द किंवा त्याहून वाईट शेरा येतो. गोव्यात शिकायला आणि राहायला आलेल्या आफ्रिकी लोकांबद्दल जे सर्रास बोललं जातं तेच इथे अंधारात बाहेर पडतं. खेळ थांबवू नका. नोंदणाऱ्याने तो शेरा वेळेसकट लिहायचा आणि अहवालांच्या फेरीत तो वाचला जाईल हे सुरुवातीलाच सांगून ठेवायचं. एवढ्याने निम्मे शेरे गिळले जातात. आफ्रिकी विद्यार्थ्यांना बोलवायचं असेल तर प्रेक्षक म्हणून बोलवा. 'तुमचे आजोबा कसे हसायचे?' असं त्यांना विचारायला कुणी उठला तर सूत्रसंचालकाने त्याला तिथेच बसवावं.

दुसरं, वक्ता लांबतो. पार्श्वभूमी पंधरा मिनिटांची पंचेचाळीस झाली की भाष्याच्या तीन फेऱ्यांतली एक कापली जाते, आणि नेहमी तिसरीच कापली जाते, कारण ती शेवटी असते. कापायचीच तर 'मिस्टर मेन्सा' कापा.

तिसरं, नोंदीचे कागद घरी जातात आणि हरवतात. त्याच रात्री त्यांचे फोटो काढा आणि आवाजाच्या फाईलला तारीख, गाव, फिल्मचं नाव असं नाव द्या. दुसऱ्या गावात हाच कार्यक्रम केलात तर पेडण्याचा हशा आणि काणकोणचा हशा एकाच तीन मिनिटांवर शेजारी शेजारी ठेवून बघता येतो, आणि त्यासाठी दोन्हीकडे घड्याळ एकाच पाटीपासून सुरू झालेलं असावं लागतं.